सॉस पातळ का होतो

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि माझ्या पायाखाली नुसता एक जादा ब्रेक. अशा माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसाच माझा झाला आहे. समोरचा चुकणार हे मला आधी दिसतं आणि तो चुकायच्या आत माझा आवाज चढलेला असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी आमच्या वहिनींचं कौतुक करणार आहे. माझ्या तोंडून कौतुक सहसा निघत नाही, त्यामुळे निघालंच तर त्यात काहीतरी तथ्य असणार, एवढं वाचणाऱ्याने धरून चालावं.

आमचे वडील, अण्णा, जन्मभर एका मोठ्या हॉटेलात वेटर होते. शेवटी शेवटी त्यांच्या हाताखाली बाकीचे वेटर असायचे, तरी कोणी विचारलं तर ते 'वेटर' असंच सांगायचे. ताठ कणा, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर सुरकुती नसलेला एक शांतपणा. आई गेली तेव्हाही घरी आलेल्या माणसांना चहा त्यांनीच दिला होता आणि प्रत्येकाच्या कपाचा कान उजवीकडे वळवून ठेवला होता.

अशा माणसाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. पाण्याचा साधा घोटसुद्धा वाट चुकून छातीत जायचा आणि असा ठसका लागायचा की ऐकणाऱ्याने धावत यावं. हॉस्पिटलात नाकातून नळी घातली होती, ती त्यांनी डाव्या हाताने उपटून काढली. घरी सोडताना गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी, म्हणजे थेरपिस्टबाईंनी, आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. पातळ काही नाही. कण, बी, साल काही नाही. आइसक्रीम आणि जेलीही नाही, कारण तोंडात गेल्यावर त्यांचं पाणीच होतं. पदार्थ काट्यावर घेऊन बघायचा. फटींमधून सावकाश, गोळ्यागोळ्यांनी पडला तर बरोबर, धार लागली तर तो अण्णांसाठी विष समजायचा. हनुवटी खाली, छोटा घास, दोनदा गिळणं.

मग डॉक्टर म्हणाले, "पुढच्या भेटीत वजन आणखी उतरलेलं दिसलं, तर पोटातून नळी टाकावी लागेल. दुसरा इलाज नाही."

अण्णांनी जड जिभेने एकेक शब्द सोडवत सांगितलं, "नळी नको. त्यापेक्षा. मला. जाऊ द्या."

डॉक्टरांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग खा, आजोबा." त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण खाणार कोण? घरी आल्यापासून अण्णा तोंड उघडायचं नाव घेत नव्हते. आम्ही सगळं घोटून, गाळून, घट्ट करून त्यांच्यासमोर ठेवायचो. त्यांनी त्या वाटीकडे बघून एकच शब्द उच्चारला होता, "खळ." पुस्तकं चिकटवायची ती खळ. चव घेतल्यावर मलाही ते नाकारता येईना.

जेवणाची वेळ म्हणजे आमच्याकडे लढाई. अण्णा मधल्या खुर्चीत, गळ्याला नॅपकिन बांधलेला. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, चमचा घेऊन पुढ्यात. तो गोदामात काम करतो, पेट्या उचलून हात राठ झालेले, पण त्या वेळी आवाज बाळाशी बोलल्यासारखा, "आ करा अण्णा, एवढाच, हा शेवटचा." मी शेजारी उभा, "हनुवटी खाली! खाली म्हटलं ना!" शेजारच्या काकू कधी डोकावल्या तर त्याही उभ्या राहून मान उंचावून बघायच्या. सगळ्यांची नजर त्या एका तोंडावर. आणि ते तोंड मिटलेलं. फार तर दोन-चार चमचे, तेही आमच्या तोंडाकडे बघून उपकार केल्यासारखे. मला तिडीक यायची. एवढा हट्टी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही, असं मी म्हणायचो, आणि दादा म्हणायचा, "तू आरशात बघितलं नाहीस का कधी?"

वहिनी या गोंधळात नसायच्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघायच्या. त्या रंगाच्या दुकानात काम करतात. कोणी भिंतीचा कपचा घेऊन आलं आणि म्हणालं, अगदी हाच रंग पाहिजे, तर वहिनी तो डब्यात मिसळून देतात. बोलणं कमी. काठी डब्यात बुडवायची, वर धरायची, रंग कसा उतरतो ते बघत राहायचं. माणसांकडेही त्या तसंच बघतात. दादाचं लग्न ठरलं आणि मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या माझ्याकडे अशाच बघत होत्या, आणि मला उगाचच शर्टाची बटणं तपासावीशी वाटली होती.

एके दिवशी सकाळी त्या अण्णांच्या पलंगाशी बसून म्हणाल्या, "अण्णा, हॉटेलात जेवण झाल्यावर शेवटी काय न्यायचात टेबलावर?"

आम्ही कोणी हा प्रश्न इतक्या वर्षांत विचारला नव्हता. अण्णा म्हणाले, "लाल." आणि डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर एक नागमोडी रेघ ओढली.

मला माहीत होतं ते काय. लहानपणी ते सांगायचे. पांढऱ्या बशीत कस्टर्ड, त्यावर बेरीचा लाल सॉस, तोही स्वयंपाक्याने घालायचा नाही, वेटरने पाहुण्यासमोर छोट्या सुरईतून ओतायचा. धार तुटता कामा नये, थेंब बशीच्या काठावर पडता कामा नये. आम्ही विचारायचो, कसा लागतो? ते म्हणायचे, पाहुण्यांना आवडतो.

त्या संध्याकाळी वहिनी दुकानातून येताना गोठवलेल्या बेरींचं पाकीट घेऊन आल्या. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, निळ्या बेरी, सगळं एकत्र आणि दगडासारखं.

मी म्हटलं, "वहिनी, याच्यात बिया असतात. रास्पबेरी म्हणजे तर नुसत्या बियाच. एक बी घशात अडकली तर?"

"गाळू," त्या म्हणाल्या.

"आणि पातळ झालं तर?"

"घट्ट करू. भाऊजी, तुम्ही जरा तिकडे बसता का?"

मी तिकडे बसलो, पण मान इकडे. सॉस करणं दिसायला फार सोपं आहे. पातेल्यात बेरी, साखर आणि अगदी थोडं पाणी, मंद आच. हळूहळू बेरी सुटतात, फुटतात, आणि पातेलंभर असा लाल रंग होतो की वहिनींसारखं माणूससुद्धा क्षणभर थांबून बघत राहतं. पहिल्या वेळी त्यांनी कॉर्नफ्लॉर तसंच कोरडं गरम सॉसमध्ये टाकलं आणि गुठळ्यांची माळ झाली. मी हसलो. त्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं, दादाने ते आवडीने खाल्लं. दुसऱ्या वेळी कॉर्नफ्लॉर गार पाण्यात कालवून घेतलं, पण गाळणी मोठ्या भोकांची निघाली आणि बिया खाली उतरल्या. तिसऱ्या वेळी चहाच्या गाळणीत मलमलचं फडकं घालून, पळीच्या पाठीने दाबून दाबून गर काढला. वर राहिला तो बियांचा चोथा त्यांनी बोटांत चोळून बघितला आणि खाली उतरलेला गर काचेवर पसरून उजेडासमोर धरला. एकही बी दिसली नाही. मग गर परत आचेवर, कालवलेलं कॉर्नफ्लॉर बारीक धारेने, हात न थांबवता. गढूळ दिसणारा रस बघता बघता पारदर्शक झाला आणि चकाकायला लागला. शेवटी लिंबाचे थेंब. गार झाल्यावर आणखी घट्ट होणार म्हणून थोडा सैलच ठेवला, आणि पूर्ण गार झाल्यावर काट्याने बघितला. सावकाश, गोळ्यागोळ्यांनी. मी तरी त्याला नाव ठेवायला जागा शोधत होतो, मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कस्टर्डवर लाल सॉस घालून बशी अण्णांसमोर ठेवली. त्यांचे डोळे बदललेले मी स्वतः पाहिले. ओठ जरासे विलग झाले. मग त्यांनी मान वर केली. दादा चमचा घेऊन तयार, मी शेजारी, काकू दारात. तोंड मिटलं ते मिटलंच.

दादा चमचा ठेवून उठला आणि बाहेर जाऊन कठड्याला टेकून उभा राहिला. वहिनींनी सॉसची वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली.

पुढच्या दिवशी त्या वाटीत लाल पाणी होतं. काट्यावर घेतलं तर सरळ धार लागली. वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या, ते टाकून दिलं, नवीन केला, कॉर्नफ्लॉर थोडं वाढवलं. काट्याची परीक्षा पास. एका दिवसाने परत पाणी. शिवाय वाटीतला सॉस थोडा कमीही वाटला. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं, आणि कोण मुरवतंय तेही.

"दादा, लाज वाटत नाही? आजारी माणसाच्या वाटीतलं खातोस?"

"मी? मला जे खायचंय ते मी तिच्या हाताखालून उघड उचलून खातो. तूच बघ, शिकवणीच्या दोन तासांमधल्या मोकळ्या वेळात घरी कोण येतं!"

आमचं बराच वेळ चाललं. लहानपणी कोणी साखर खाल्ली इथपर्यंत आम्ही मागे गेलो. वहिनी मधे पडल्या नाहीत. त्यांनी नवीन सॉस केला, एकाच पातेल्यातला दोन वाट्यांत घातला. एक वाटी फ्रिजच्या पुढच्या भागात, एक मागे, भांड्यांच्या आड. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाहेर काढून काटा लावला. पुढची पाणी, मागची जशीच्या तशी घट्ट.

त्यांनी थेरपिस्टबाईंना फोन लावला. मी कान देऊन ऐकत होतो. बाई हसल्या असाव्यात, कारण वहिनीही जरा हसल्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "कॉर्नफ्लॉरला लाळ चालत नाही म्हणे. तोंडातला चमचा परत वाटीत गेला की लाळेने ते सगळं सुटतं. कोणाचा तरी उष्टा चमचा जातोय यात."

मी विजयाने दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.

वहिनी आमच्या दोघांकडेही बघत नव्हत्या. त्या सिंककडे गेल्या. तिथे उष्टा चमचा नव्हता. मग त्यांनी चमच्यांचा ड्रॉवर उघडला. आमच्या घरातले चमचे धुऊन ओलेच ड्रॉवरमध्ये फेकले जातात, त्यांच्यावर पाण्याचे पांढरे डाग असतात, आणि त्याबद्दल आईने जन्मभर कटकट केली होती. त्या ढिगावर एक चमचा वेगळा पडला होता. पुसून लख्ख केलेला, त्यात खिडकी दिसत होती.

आमच्या घरात चमचा पुसून ठेवणारा एकच माणूस आहे. तो त्या वेळी आतल्या खोलीत डोळे मिटून पडला होता.

"अगं, पण त्यांना एकट्याला तिथपर्यंत चालता कुठे येतं?" दादा म्हणाला.

"एका हाताच्या त्या वॉकरने येतं की," वहिनी म्हणाल्या. "बाथरूमपर्यंत जातात, स्वयंपाकघर त्याच्या अलीकडे आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानातून अर्धी सुट्टी काढली. मी एका शिकाऊ बाईंना मंडईच्या गल्लीत गाडी मागे घ्यायला शिकवून, म्हणजे आरडाओरडा करून, घरी आलो, तर वहिनी मधल्या बोळकांडीत भिंतीला पाठ लावून उभ्या. तोंडावर बोट. मी त्यांच्या शेजारी जाऊन डोकावलो.

अण्णा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे होते. वॉकरला कंबर टेकलेली, पाठ आमच्याकडे. ओट्यावर कस्टर्डची वाटी आणि सॉसची वाटी. डाव्या हातात चमचा. चमचा आधी कस्टर्डमध्ये गेला, मग लाल सॉसमध्ये, मग तोंडाकडे, आणि मग परत तसाच सॉसमध्ये.

मी निघालोच होतो. ठसका लागला तर? उभ्याने, एकटे, त्यात त्या वाटीचं होत जाणारं पाणी! वहिनींनी माझा शर्ट मुठीत पकडला आणि पुटपुटल्या, "भाऊजी, ब्रेक मारू नका. ऐका."

मी ऐकलं. घास, थांबणं, गिळणं. थांबणं, पुन्हा गिळणं. पाठीमागूनसुद्धा दिसत होतं की प्रत्येक घासाला हनुवटी खाली जात होती. आम्ही ओरडून ओरडून सांगितलेली, आणि त्यांनी आमच्यासमोर एकदाही न पाळलेली प्रत्येक गोष्ट तो माणूस तिथे एकट्याने, बिनचूक करत होता. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण बोळकांडीत अंधार होता आणि वहिनी बघत नव्हत्या.

नंतर अण्णा झोपल्यावर त्या आम्हा दोघांना म्हणाल्या, "अण्णांना कधी सगळ्यांबरोबर जेवताना पाहिलंय तुम्ही?"

घरी ते आधी आम्हाला वाढायचे. मग आईला. मग आम्ही उठून जायचो. पुढचं आम्हाला माहीतच नव्हतं.

"मी या घरात आले तेव्हा विचारलं होतं सासूबाईंना. त्या म्हणाल्या, हॉटेलात पाहुण्यांसमोर वेटरने तोंड हलवायचं नाही, अशी शिस्त असते. शेवटचं टेबल उठलं की आतल्या बाजूला, उभ्याउभ्या, पटकन काय ते खायचं. ती सवय अंगात मुरली. घरी पण त्या ओट्याशीच उभे राहून जेवायचे." वहिनी म्हणाल्या, "आणि आपण त्यांना मधोमध बसवतो, गळ्याला फडकं बांधतो, आणि सगळे मिळून त्यांच्या तोंडात बघतो."

एवढा वेळ मी ज्याला हट्ट म्हणत होतो ती त्यांची लाज होती. दादाने चमच्यांचा ड्रॉवर उघडला आणि एकेक चमचा फडक्याने पुसत बसला.

वहिनींनी थेरपिस्टबाईंना पुन्हा फोन करून विचारलं, मग घराची घडी बदलली. अण्णांना एका अक्षरानेही काही कळू दिलं नाही. त्या सॉस छोट्या छोट्या वाट्यांत भरायला लागल्या, एका वेळेला एक पुरेल अशा, म्हणजे उष्टा चमचा कितीही वेळा गेला तरी पाणी व्हायच्या आत वाटी संपावी. कस्टर्ड तसंच. हळूहळू घोटलेल्या भाज्या, डाळही त्याच वाट्यांत. ओट्याशी एक उंच स्टूल आपोआप आलं, तेही भिंतीकडे तोंड करून. आणि बाईंनी बजावलं होतं की कोणीतरी ऐकू येण्याच्या अंतरावर हवंच, म्हणून त्या वेळेला आमच्यापैकी एकजण बोळकांडीत बसायचा. वहिनी असल्या की शिवण घेऊन बसायच्या, सुई चालायची आणि कान भिंतीपलीकडे. ठसक्याचा आवाज आला की सुई थांबायची, पुन्हा गिळल्याचा आवाज आला की चालू व्हायची. मी असलो की माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. काहीही न बोलता नुसतं बसायचं, हे माझ्या धंद्याच्या माणसाला किती जड जातं ते मलाच ठाऊक.

सॉस वहिनी एक दिवसाआड करायच्या. दुकानातून आल्या की हात धुऊन आधी पातेलं चढवायच्या. मी गाळायला बसायचो. एकदा मी घाईघाईने पळी दाबली तर त्यांनी नुसतं माझ्या हाताकडे बघितलं आणि माझा हात सावकाश झाला. मी इतक्या लोकांना शिकवलं, पण न ओरडता शिकवता येतं हे मला त्या चहाच्या गाळणीशी कळलं.

मग भेटीचा दिवस आला. वजनाच्या काट्यावर अण्णा उभे राहिले तेव्हा आम्ही तिघेही वाकून आकडा बघत होतो. वजन उतरलं नव्हतं. किंचित वाढलंच होतं. माझा जीव भांड्यात पडला, पण डॉक्टरांचा पडला नाही.

"वाढ फारच थोडी आहे," ते म्हणाले. "आणि छातीत काही जात नाही ना, हे मला डोळ्यांनी बघायला हवं. इथे माझ्यासमोर खाऊ द्या त्यांना. नाहीतर मी नळी नको असं कशाच्या जोरावर लिहू?"

बोलणं रास्त होतं. नर्सने अण्णांना खुर्चीत बसवलं, गळ्याला नॅपकिन बांधला. डॉक्टर समोर, थेरपिस्टबाई शेजारी, दोघांची नजर तोंडावर. वहिनींनी डब्यातलं कस्टर्ड पुढे ठेवलं. अण्णांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. तोंड मिटलं.

"आजोबा, घ्या," डॉक्टर म्हणाले. थांबले. "एक घास." पुन्हा थांबले. मग त्यांनी पेन उचललं.

माझं तोंड उघडलं होतं. अण्णा, एवढं एकदा, आमच्यासाठी, तुमच्या पाया पडतो, असलं काहीतरी बाहेर पडणार होतं. वहिनींनी माझ्याकडे न बघताच हात आडवा केला.

त्यांनी पिशवीतून दुसरा डबा काढला. त्यातही कस्टर्ड होतं. तो त्यांनी थेरपिस्टबाईंच्या पुढ्यात ठेवला. तिसरा डॉक्टरांच्या. मग अण्णांच्या गळ्यातला नॅपकिन सोडला, घडी केली आणि त्यांच्या लुळ्या उजव्या हातावर टाकला. डाव्या हाताशी सॉसची बाटली ठेवली.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "पाहुण्यांचं अजून व्हायचंय."

अण्णा डावा हात टेबलावर रोवून उभे राहिले. नर्स पुढे झाली, थेरपिस्टबाईंनी तिला खुणेने थांबवलं. अण्णांनी बाटली उचलली. सॉस सावकाश उतरत होता, आणि बाईंच्या कस्टर्डवर एक वेडीवाकडी लाल रेघ उमटली. एक थेंब टेबलावर पडला. त्यांनी बाटली ठेवली, नॅपकिनने तो थेंब पुसला, आणि डबा दोन बोटांनी बाईंकडे सरकवला. मग डॉक्टरांकडे वळले.

"मला नको, मी ड्यूटीवर..." डॉक्टर म्हणायला लागले. थेरपिस्टबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पेन ठेवून चमचा घेतला.

अण्णा उभे. ताठ. बाईंनी पहिला घास घेतला. डॉक्टरांनी घेतला. आणि दोघंही, काय शहाणी माणसं ती, आपापल्या डब्यात बघून खात राहिली.

"फार छान झालाय," बाई डब्याशीच बोलल्या.

अण्णांनी मान किंचित झुकवली. मग ते बसले, स्वतःचा डबा ओढला, त्यावर सॉस घेतला आणि हनुवटी खाली केली. त्या खोलीत गिळल्याचा आवाज मी मोजत नव्हतो, पण प्रत्येक आवाजाला माझा जमिनीवर दाबलेला पाय थोडा सैल होत होता. ठसका लागला नाही. डबा रिकामा झाला. डॉक्टरांचाही झाला होता.

"नळीचं सध्या राहू द्या," ते म्हणाले आणि कागदावर तसं लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात आलो तसा दादा औषधं आणायला गेला. मी अण्णांना बाकावर बसवलं आणि वळून बघितलं, तर वहिनी खिडकीपाशी तोंड फिरवून उभ्या. खांदे हलत होते. मला काय करावं ते कळेना. मी तिथेच उभा राहून गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत राहिलो.

वॉकरचा आवाज आला. अण्णा उठून त्यांच्याकडे निघाले होते. जवळ जाऊन थांबले.

"सूनबाई. तू. जेवलीस?"

वहिनींनी डोळे पुसत मान हलवली. नाही. पहाटेपासून कस्टर्ड, सॉस, डबे, नंतर इथली रांग. त्या कधी जेवतात हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या घरात आल्यापासून आम्हाला वाढताना मी त्यांना रोज पाहत होतो, जेवताना पाहिल्याचं आठवत नव्हतं. मी त्यांचं इतकं कौतुक करतो आहे, आणि एवढी साधी गोष्ट मला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा दिसली.

अण्णांनी माझ्याकडे बघून बोटाने पिशवी मागितली. आत एक जादा डबा शिल्लक होता, आणि बाटलीच्या तळाशी थोडा सॉस. मी डबा उघडला, त्यांनी सॉस ओतला, मी चमचा शर्टाला पुसून वहिनींच्या हातात दिला. त्या खिडकीशी उभ्यानेच पहिला घास घेणार, तेवढ्यात अण्णांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि बाकाकडे मान केली.

"उभ्याने नको," ते म्हणाले. हे शब्द त्यांनी न अडखळता उच्चारले. "बसून खा."

वहिनी बसल्या. अण्णा त्यांच्या शेजारी बसले, आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.